हार्टबीट-वाहतूक नियंत्रण

वितरित फाइलप्रणालीतील, म्हणजे अनेक यंत्रांवर मिळून फाइली साठवणाऱ्या प्रणालीतील, यंत्रे ठरावीक काळाने एकमेकांना ‘मी चालू आहे’ असे कळवतात. या छोट्या संदेशाला हार्टबीट किंवा पिंग म्हणतात. लेखी मराठीत ‘स्पंदसंदेश’ हा शब्द चपखल बसतो. यंत्रे हजारोंनी वाढली की या संदेशांचाच भार होतो. तो कमी करण्याच्या पद्धतींचा विचार या नोंदीत केला आहे.

या संदेशांचा उगम कोठे धरावा हे व्याख्येवर अवलंबून आहे. बिघाडातही चालू राहणारे संगणक बनवणाऱ्या टँडम कंपनीच्या 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धातील यंत्रांत प्रत्येक प्रोसेसर साधारण दर सेकंदाला इतर सर्वांना संदेश धाडी आणि दर दोन सेकंदांनी तो आला का हे तपासले जाई. प्रत्यक्ष वापराचा आरंभ म्हणून हा दाखला सहसा पुरेसा ठरतो. ईथरनेट या तारजोडणीच्या जुन्या ट्रान्सीव्हरमधील (संदेश पाठवणाऱ्या-घेणाऱ्या उपकरणातील) ‘हार्टबीट’ हा टक्कर-संकेताच्या, म्हणजे दोन संदेश एकमेकांवर आदळल्याच्या इशाऱ्याच्या, चाचणीचा भाग होता. नामसाम्यामुळे त्याची येथे गल्लत होऊ नये. संगणकशास्त्रज्ञ चंद्रा व टूएग यांनी 1996 मध्ये बिघाड-शोधकांना (कोणते यंत्र बंद पडले हे ओळखणाऱ्या यंत्रणांना) सैद्धांतिक बैठक दिली. मात्र फाइलप्रणालीच्या दृष्टीने ग्रे व चेरिटन या संशोधकांची 1989 ची ‘लीज’, म्हणजे मुदतीचा हक्क, अधिक जवळची वाटते. मुदत संपली की हक्क आपोआप सुटतो, म्हणून गप्प झालेल्या यंत्राची वाट पाहण्याला मर्यादा पडते. गूगलच्या फाइलप्रणालीत (2003) लीजची सुरुवातीची मुदत 60 सेकंद असून ती वाढवण्याची विनंती हार्टबीटसोबतच जाते.

हडूप या प्रणालीच्या एचडीएफएस या वितरित फाइलप्रणालीमध्ये साठवण-यंत्र मूळ रचनेनुसार दर 3 सेकंदांनी संदेश देते, पण ते मृत ठरते 10 मिनिटे 30 सेकंदांनी. सर्व संदेश एकाच नेमनोडकडे, म्हणजे फाइलींची नोंद ठेवणाऱ्या मध्यवर्ती यंत्राकडे, जात असल्याने संदेशांची वाढ यंत्रसंख्येच्या प्रमाणात राहते. महासंगणकांत वापरल्या जाणाऱ्या लस्टर या फाइलप्रणालीमध्ये हा प्रश्न फार तीव्र होतो, कारण प्रत्येक क्लायंटचे (फाइली वापरणाऱ्या यंत्राचे) प्रत्येक साठवण-लक्ष्याशी (सर्व्हरवरील साठवण-एककाशी) वेगळे नाते असते. 100 सेकंदांच्या मूळ कालमर्यादेत पिंग दर 25 सेकंदांनी जाते. 10,000 क्लायंट व 400 लक्ष्ये धरली तर सेकंदाला 1,60,000 पिंग होतात. नेहमीची विनंतीही जिवंतपणाचा पुरावा मानली जात असल्याने पिंग फक्त रिकाम्या जोडणीवर लागते. परिणामी फाइलींचे काम थांबून गणित चालू असते तेव्हाच ही वाहतूक सर्वाधिक असते, आणि गणनात मग्न प्रोसेसरला ती मध्येच हटकते.

लस्टरमध्ये पिंग दाबण्याची सोय आहे, पण तिची किंमत मोजावी लागते. मेलेल्या क्लायंटकडे अडकलेली कुलुपे (फाइलींवरचे राखीव हक्क) लवकर सुटत नाहीत. म्हणून त्याच्या मृत्यूची बातमी बाहेरच्या देखरेख-यंत्रणेने सर्व्हरला द्यावी लागते. सर्व्हर पुन्हा सुरू झाल्याचे रिकाम्या क्लायंटला कळावे यासाठी व्यवस्थापन-सर्व्हरनेच तसे सांगण्याची व्यवस्थाही चालू हवी. या दोन्हींशिवाय पिंग बंद करणे धोक्याचे आहे.

सेफ या आणखी एका वितरित साठवण-प्रणालीमध्ये साठवण-डीमन (पार्श्वभूमीत चालणारे प्रोग्रॅम) शेजाऱ्यांनाच तपासतात आणि तक्रार तेवढी मॉनिटरकडे, म्हणजे गटाची स्थिती सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमकडे, नेतात. गटातील कोण चालू आहे हे शोधण्याच्या 2002 च्या स्विम पद्धतीत प्रत्येक सदस्य एका वेळी एकाच यादृच्छिक सोबत्याला विचारतो, त्यामुळे गट कितीही वाढला तरी प्रत्येकावरचा भार जवळजवळ स्थिर राहतो.