जिरेनियम एका हंगामाचं झाड नाही

थंडी आली की जिरेनियम संपलं, कुंडी रिकामी करा, हे वर्षानुवर्षं ऐकवलं जातं. ते खरं नाही. कुंडीतलं नेहमीचं जिरेनियम म्हणजे मुळात दक्षिण आफ्रिकेतलं, बहुवर्षायू पेलार्गोनियम. त्याला हिमकण सोसत नाहीत, एवढंच. दव गोठायला लागण्याआधी कुंडी आत घ्या, फांद्या निम्म्यापर्यंत छाटा आणि ७ ते १३ अंश सेल्सियसच्या उजेडी जागेत ठेवा.

आत आणलेलं झाड दगावतं ते बहुतेक वेळा मायेनं घातलेल्या पाण्यामुळे. थंडीत वाढ जवळजवळ थांबते, मुळं पाणी ओढत नाहीत, माती ओली राहते आणि खोड बुडाशी काळं, मऊ पडतं. असं झालं तर वरच्या निरोगी फांदीची कलम लावून बघा, बाकीचं गेलं. एरवी माती बोटभर खोल कोरडी झाल्यावरच थोडं पाणी. खत अजिबात नको.

पानं गळाली म्हणून लगेच फेकू नका. खोड नखानं किंचित खरवडा: आत हिरवं दिसलं तर झाड जिवंत आहे. उन्हं वाढली की पाणी हळूहळू वाढवा.