वर्गातली उष्टी हवा

कोरोनाच्या साथीत बंद झालेल्या शाळा पुन्हा उघडल्या तेव्हाचे फोटो आठवून पाहा. फाटकाशी कुणीतरी मुलांच्या कपाळावर तापमापकाची बंदूक रोखून उभं आहे. जमिनीवर सहा-सहा फुटांवर वर्तुळं रंगवली आहेत. बाकांवर जंतुनाशकाचा फवारा चालू आहे. आणि मागच्या भिंतीत खिडक्या आहेत, घट्ट लावलेल्या. एवढ्या सगळ्या खटाटोपात सर्वांत कामाची वस्तू ती खिडकी होती. तिच्याकडे लक्ष गेलं ते बरंच उशिरा.

एप्रिल २०२० मध्ये १९० हून अधिक देशांत शाळा बंद होत्या आणि दीडशे कोटींहून जास्त विद्यार्थी घरी होते. हा निर्णय इन्फ्लुएन्झाच्या अनुभवावरून घेतला गेला. फ्लूच्या साथीत मुलंच रोग घरोघरी नेतात, म्हणून शाळा आधी बंद करायच्या, असा जुना ठोकताळा. कोरोनाने तो निदान सुरुवातीला तरी पाळला नाही. मुलं आजारी पडत, पण सौम्य, आणि धोका शिक्षकांना, आजी-आजोबांना जास्त. म्हणजे 'शाळा कधी उघडायच्या' या प्रश्नाला सगळ्या साथींसाठी एकच उत्तर नाही. पण रोग श्वासावाटे पसरणारा असेल, तर वर्गात काय घडतं याचा हिशेब मात्र फारसा बदलत नाही. तो हिशेब समजून घेण्यासारखा आहे.

दुसऱ्याच्या पेल्यातलं उष्टं पाणी पिताना आपण बिचकतो. दुसऱ्याने सोडलेली हवा मात्र बिनदिक्कत आत ओढतो, कारण ती दिसत नाही. किती ओढतो हे मोजता येतं. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड साधारण ४२० पीपीएम असतो, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग. उच्छ्वासात तो जवळजवळ ४ टक्के, म्हणजे ४०,००० पीपीएम. वर्गातला आकडा ८०० असेल तर आत घेतलेल्या हवेतला सुमारे शंभरावा भाग कुणाच्या तरी छातीतून आलेला आहे. आकडा २,००० वर गेला की जवळपास दर पंचविसावा श्वास उष्टा.

आता एक वर्ग घेऊ. ८ मीटर लांब, ६ मीटर रुंद, ३ मीटर उंच. तीस मुलं, एक शिक्षक. दारं-खिडक्या बंद. एक मूल बसल्या जागी तासाला साधारण १४ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतं. मुलं आत येतात तेव्हा कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या मीटरवर आकडा ४२०. हजेरी होईपर्यंत, म्हणजे दहा मिनिटांत, तो ९०० ओलांडतो. फळा अर्धा भरेपर्यंत दोन हजारांच्या घरात. पंचेचाळीस मिनिटांचा तास संपल्याची घंटा होते तेव्हा २,७०० च्या आसपास. प्रत्यक्षात दाराखाली फट असते, एखादं तावदान फुटलेलं असतं, त्यामुळे आकडा थोडा कमी भरतो. (फुटक्या तावदानाचे आभार मानायची वेळ अशी क्वचितच येते.) याच वर्गातली हवा तासाला पाच वेळा बदलली तर आकडा हजाराच्या आसपास येऊन थबकतो.

'तासाला पाच वेळा' या शब्दांनी थोडी फसगत होते. बारा मिनिटांत सगळी जुनी हवा गेली आणि नवी आली, असं होत नाही. नवी हवा जुनीत मिसळते आणि मिसळलेलीच बाहेर पडते. घागरीत रंगीत पाणी आहे आणि वरून स्वच्छ पाण्याची धार सोडली आहे अशी कल्पना करा. घागरभर पाणी ओतून झालं तरी रंग उरतोच. एका बदलात साधारण ६३ टक्के जुनी हवा जाते, तीन बदलांनंतर ९५ टक्के. म्हणून एका तुकडीनंतर दुसरी त्याच वर्गात बसवायची असेल, तर मधली दहा मिनिटं मोकळ्या दारा-खिडक्यांची असणं हे बाक पुसण्यापेक्षा जास्त उपयोगाचं.

हवेतून रोग पसरतो हे शाळेच्याच एका घटनेतून फार आधी दिसलं होतं. १९७४ मध्ये अमेरिकेत रोचेस्टरजवळच्या एका प्राथमिक शाळेत दुसरीतल्या एका मुलीला गोवर झाला. तिच्यापासून २८ मुलांना लागण झाली आणि ही मुलं चौदा वेगवेगळ्या वर्गांत बसणारी होती. बहुतेक मुलं तिच्या जवळपासही फिरकली नव्हती. शाळेची वायुवीजन यंत्रणा एका वर्गातली हवा ओढून, थोडी बाहेरची मिसळून, पुन्हा सगळ्या वर्गांत सोडत होती. एडवर्ड रायली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या साथीवरून १९७८ मध्ये एक समीकरण मांडलं. खोलीत संसर्गजन्य माणसं किती, ती विषाणू किती सोडतात, इतर जण किती वेळ श्वास घेतात आणि ताजी हवा किती येते, या चार गोष्टींवरून लागणीची शक्यता काढायची. विल्यम वेल्स यांच्या आधीच्या कामावर ते उभं असल्याने त्याला वेल्स-रायली समीकरण म्हणतात. २०२० मध्ये जगभरचे अभियंते ते नव्याने काढून बसले.

बोलताना, हसताना, कविता म्हणताना तोंडातून निघणारे थेंब सगळे एका मापाचे नसतात. केसाच्या जाडीचा, शंभर मायक्रॉनचा थेंब तोंडाच्या उंचीवरून पाचेक सेकंदांत जमिनीवर पडतो. पाच मायक्रॉनच्या कणाला स्थिर हवेत तेवढंच अंतर उतरायला अर्धा तास लागतो, एक मायक्रॉनच्या कणाला बारा तास. वर्गातली हवा कधीच स्थिर नसते, त्यामुळे हे बारीक कण उतरतच नाहीत म्हटलं तरी चालेल. धुरासारखे तरंगत राहतात. सहा फुटांचा नियम मोठ्या थेंबांसाठी ठीक. धुराला सहा फूट मोजता येत नाहीत. पृष्ठभागांबद्दल अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने एप्रिल २०२१ मध्ये सांगितलं, की दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागून लागण होण्याची शक्यता दहा हजारांत एकापेक्षाही कमी आहे. तोवर बाकांवर किती पिंपं जंतुनाशक ओतलं गेलं असेल! हात धुणं इतर रोगांसाठी चांगलंच, त्याबद्दल तक्रार नाही. तापमापकाच्या बंदुकीबद्दल मात्र आहे. कोरोनाचा रुग्ण लक्षणं दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच विषाणू पसरवू लागतो आणि कित्येक मुलांना ताप येतच नाही. बंदुकीचा नेम चुकीच्या माणसावर धरलेला असतो.

वातानुकूलन यंत्र हे याहून मोठं फसवं प्रकरण. भिंतीवर टांगलेलं साधं एसी खोलीतलीच हवा ओढतं, गार करतं आणि परत खोलीत सोडतं. हवा ताजी वाटते, असते उष्टीच. वर एसी चालू म्हणून खिडक्या बंद. मे २०२० मध्ये इस्रायलने शाळा उघडल्या आणि दहाच दिवसांत जेरुसलेममधल्या एका माध्यमिक शाळेत मोठा उद्रेक झाला: १५३ विद्यार्थी आणि २५ कर्मचारी बाधित. उष्णतेची लाट आली होती, मास्कमधून सूट दिली होती, एसी अखंड चालू होते आणि चाळीस-पन्नास चौरस मीटरच्या वर्गांत पस्तीसहून अधिक मुलं होती. समीकरणातल्या सगळ्या गोष्टी एकाच आठवड्यात उलट्या फिरल्या.

पण खिडकी म्हणजे जादूची कांडी समजू नये. मे २०२१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीतल्या एका शिक्षिकेला नाक चोंदल्याची आणि थकव्याची तक्रार होती. ॲलर्जी असेल समजून त्या दोन दिवस शिकवत राहिल्या. लस घेतलेली नव्हती आणि मोठ्याने वाचून दाखवताना त्या मास्क खाली करत. वर्गात खिडक्या उघड्या होत्या, हवा गाळणारं यंत्रही चालू होतं. तरीही २४ पैकी १२ मुलांना लागण झाली. पुढच्या दोन रांगांत दहापैकी आठ, मागच्या तीन रांगांत चौदापैकी चार. खेळती हवा खोलीभर साचणारा धोका कमी करते. तोंडासमोरचा ताजा झोत पुढच्या बाकापर्यंत पोचायच्या आत ती पातळ करू शकत नाही. तो झोत अडवायला मास्क लागतो, आणि तो आधी शिक्षकाच्या तोंडावर हवा. वर्गात सगळ्यांत जास्त आणि सगळ्यांत मोठ्याने तोच बोलतो. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या १६९ प्राथमिक शाळांच्या पाहणीत, शिक्षक-कर्मचाऱ्यांना मास्कची सक्ती असलेल्या शाळांत बाधितांचं प्रमाण ३७ टक्क्यांनी कमी आढळलं. हवेची व्यवस्था सुधारलेल्या शाळांत ३९ टक्क्यांनी, आणि ताजी हवा व गाळणी दोन्ही असलेल्या शाळांत ४८ टक्क्यांनी.

याहून मोठा पुरावा इटलीतल्या मार्के प्रांतातला. तिथल्या दहा हजारांहून अधिक वर्गांपैकी ३१६ वर्गांत बाहेरची हवा आत आणणारी यंत्रं बसवली होती. जोरदार यंत्रं असलेल्या वर्गांत, जिथे हवा तासाला सहा किंवा जास्त वेळा बदलत होती, लागणीचा धोका ८० टक्क्यांहून अधिक घटलेला दिसला.

यंत्रं नसतील तर? जर्मनीच्या पर्यावरण संस्थेने २०२० च्या शरदात शाळांना सांगितलं, दर वीस मिनिटांनी सगळ्या खिडक्या सताड उघडा, पाच मिनिटं ठेवा. भर हिवाळ्यात मुलं अंगात कोट आणि गळ्यात मफलर घालून गणितं सोडवत बसली. एक खिडकी दिवसभर किलकिली ठेवण्यापेक्षा समोरासमोरचं दार आणि खिडकी थोडा वेळ पूर्ण उघडणं जास्त कामी येतं. हवेला आत यायला एक वाट लागते, बाहेर जायला दुसरी. जिथे खिडक्या उघडतच नाहीत तिथे अमेरिकेतल्या रिचर्ड कॉर्सी आणि जिम रोझेन्थाल यांची २०२० ची युक्ती, हवा गाळणारा घरगुती खोका: चार चौकोनी गाळण्यांच्या भिंती, तळाला पुठ्ठा, वर चौकोनी पंखा, सगळं चिकटपट्टीने जोडलेलं. दिसायला ओबडधोबड, आवाज भरपूर, काम चोख. वरच्या वर्गांतल्या मुलांनी प्रयोगाच्या तासाला हा खोका बनवावा, असं मला मनापासून वाटतं.

मीटर वापरताना मात्र एक ध्यानात ठेवावं. तो कार्बन डायऑक्साइड मोजतो, विषाणू नव्हे. गाळणी विषाणू पकडते, वायू जाऊ देते, म्हणून गाळणी लावल्यावर आकडा हलत नाही आणि लोकांना वाटतं यंत्र बिघडलं. मास्कचंही तसंच. आकडा ८०० च्या आत असेल तर निर्धास्त बसावं. १,५०० च्या वर राहू लागला तर उठून खिडकी उघडावी. ब्रिटनने २०२१ च्या शरदात सरकारी शाळांना असे तीन लाख मीटर दिले.

हे झालं वर्गाच्या आतलं. फाटकाबाहेर रोग किती आहे, यावर तर सगळंच अवलंबून. हजारात एक जण बाधित असेल तर तीस मुलांच्या वर्गात त्या दिवशी एखादं बाधित मूल असण्याची शक्यता तीन टक्के. पाचशेच्या शाळेत ३९ टक्के. बाहेर शंभरात एक झाले की वर्गाची शक्यता २६ टक्क्यांवर जाते, आणि शाळेत कुणी ना कुणी असणारच. म्हणून डेन्मार्कने एप्रिल २०२० मध्ये शाळा उघडताना लहान मुलांपासून सुरुवात केली आणि छोट्या तुकड्या एकमेकींत मिसळू दिल्या नाहीत. एका तुकडीत रोग शिरला तर घरी तेवढीच पाठवायची. जर्मनीतल्या नॉर्थ राइन-वेस्टफालिया राज्यात लहान मुलं आठवड्यातून दोनदा कापसाची काडी लॉलीपॉपसारखी अर्धा मिनिट चोखत. वर्गभराच्या काड्या एकत्र तपासायच्या, निकाल होकारार्थी आला तरच एकेकाची चाचणी. आणि शंभर टक्के हजेरीचं बक्षीस साथीपुरतं तरी कपाटात ठेवावं. शिंकणाऱ्या मुलाला शाळेत यायचं आमिष दाखवणारी याहून सोपी युक्ती नसेल.

एक भलतीच गोष्ट बहुतेकांच्या यादीतून निसटते: नळ. महिनोन्महिने बंद इमारतीच्या नळांत पाणी साचून राहतं, क्लोरीन उडून जातं आणि लिजिओनेला नावाचे जिवाणू वाढतात. त्यांनी होणारा न्यूमोनियाही, गंमत म्हणजे, पाण्याच्या तुषारांतून श्वासावाटेच होतो. मुलं यायच्या आधी प्रत्येक नळ सोडून पाणी बराच वेळ वाहू द्यायचं.

एवढी यातायात करण्यापेक्षा शाळा बंदच ठेवली तर काय बिघडलं, असं विचारणारे तेव्हाही होते. नेदरलँड्समध्ये शाळा फक्त आठ आठवडे बंद होत्या, घरोघरी इंटरनेट होतं, तरीही मुलांचं नुकसान शालेय वर्षाच्या सुमारे पाचव्या भागाइतकं भरलं. कमी शिकलेल्या घरांत ते साठ टक्क्यांपर्यंत जास्त. युगांडात शाळा पूर्णपणे उघडायला जानेवारी २०२२ उजाडला. १९१८ च्या फ्लूत न्यूयॉर्क आणि शिकागोने शाळा चालू ठेवल्या होत्या. न्यूयॉर्कचे आरोग्य आयुक्त रॉयल कोपलँड यांचं म्हणणं होतं, की मुलं राहतात त्या दाटीवाटीच्या खोल्यांपेक्षा स्वच्छ, हवेशीर शाळेत ती बरी, आणि तिथे परिचारिका त्यांना रोज तपासते तरी.

समीकरणाच्या नावातल्या विल्यम वेल्स यांनी १९३७ पासून फिलाडेल्फियाजवळच्या शाळांत वर्गांच्या छताशी अतिनील किरणांचे दिवे लावले. वर चढणारी हवा तिथे निर्जंतुक होई. १९४१ मध्ये गोवराची साथ आली तेव्हा दिवे लावलेल्या वर्गांत लागण बरीच कमी झाली. मग न्यूयॉर्क राज्यातल्या ग्रामीण शाळांत तोच प्रयोग केला, तर फरक जेमतेम पडला. कारण शोधता शोधता संशोधक फाटकाबाहेर आले. दिवे वर्गात लावले होते, आणि मुलं रोज घरून शाळेत येत होती एकाच बसमध्ये, खेटून बसून.