कवितेच्या दुसऱ्या खर्ड्यात काय घडते

दुःख कागदावर उतरवले की मन मोकळे होते, हे आपण इतक्या सहजपणे मान्य करतो की त्यात तपासून पाहण्यासारखे काही असेल असे कोणाला वाटत नाही. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांना ते वाटले. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात ४६ विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज १५ मिनिटे लेखन केले. काहींना किरकोळ विषय दिले होते, तर इतरांना आयुष्यातील सर्वांत क्लेशदायक अनुभवाविषयी लिहायचे होते: कोणी फक्त घटना लिहायची, कोणी फक्त भावना आणि कोणी दोन्ही. घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांचे मन त्या दिवशी हलके झाले नाही. उलट लेखन संपताना त्यांचा रक्तदाब वाढलेला होता आणि मनःस्थिती आधीपेक्षा वाईट होती. मात्र पुढील सहा महिन्यांत विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रात जाण्याची वेळ त्यांच्यावर इतरांपेक्षा कमी वेळा आली.

या निष्कर्षाने संशोधनाचे एक मोठे दालन उघडले. १९९९ मध्ये दमा आणि संधिवाताच्या ११२ रुग्णांवर झालेला प्रयोग त्यात विशेष गाजला. तीन दिवस, दर वेळी २० मिनिटे आपल्या आयुष्यातील ताणाच्या प्रसंगाविषयी लिहिलेल्या रुग्णांपैकी सुमारे ४७ टक्क्यांची प्रकृती चार महिन्यांनंतर वैद्यकीय निकषांवर लक्षणीय सुधारलेली आढळली, तर तटस्थ विषयांवर लिहिणाऱ्यांमध्ये हे प्रमाण सुमारे २४ टक्के होते. पुढे अभ्यासांची संख्या वाढत गेली, तसा उत्साह थोडा ओसरला. २००६ मध्ये १४६ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेण्यात आला, तेव्हा लेखनाचा सरासरी लाभ खरा, पण लहान असल्याचे दिसले. मला हा आकडा निराशाजनक वाटत नाही. कागद, पेन आणि तासभर वेळ एवढ्या भांडवलावर मिळणारा लहान लाभही मोलाचा आहे. शिवाय सरासरी लहान असते, तेव्हा काहींना पुष्कळ फायदा झालेला असतो आणि काहींना अजिबात झालेला नसतो. हा फरक कशामुळे पडतो, हा खरा प्रश्न आहे आणि कवितेचा संबंध तिथेच येतो.

भावनांना नुसती वाट करून दिली की काम भागते, असे मानले तर मनात येईल ते कसेही लिहून काढणे पुरेसे ठरायला हवे होते. २००१ मधील एका प्रयोगात नेमके हेच पडताळून पाहिले गेले. एका गटाने आपला क्लेशदायक अनुभव सुसंगत कथनाच्या रूपात लिहिला, तर दुसऱ्या गटाने त्याच प्रकारच्या अनुभवातील विचार आणि भावना तुटक यादीसारख्या नोंदवल्या. लाभ दिसला तो कथन रचणाऱ्यांमध्ये. यादी करणारे, तटस्थ विषयांवर लिहिणाऱ्या तिसऱ्या गटापेक्षा फारसे वेगळे ठरले नाहीत. म्हणजे मनातले बाहेर काढणे ही पहिली पायरी झाली. उपयोग होतो तो बाहेर काढलेल्या ऐवजाला आकार देण्याचा.

आकार देण्याची सुरुवात भावनेला नाव देण्यापासून होते. मॅथ्यू लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये ३० जणांना मेंदूचे चित्रण करणाऱ्या यंत्रात झोपवून रागावलेल्या किंवा घाबरलेल्या चेहऱ्यांची छायाचित्रे दाखवली. त्या चेहऱ्यावरील भावनेला योग्य शब्द निवडताना, धोक्याची जाणीव होताच जागा होणारा अमिग्डाला हा मेंदूतील भाग तुलनेने शांत राहिला आणि कपाळामागे असलेल्या मेंदूच्या बाहेरच्या थरातील उजवीकडचा एक भाग अधिक सक्रिय झाला. त्याच चेहऱ्याला व्यक्तीचे नाव निवडताना मात्र हा परिणाम दिसला नाही. पाच वर्षांनी याच संशोधनधारेतील एका प्रयोगात कोळ्यांची तीव्र भीती असलेल्या ८८ जणांना एका मोठ्या जिवंत टॅरांटुलाच्या जवळ जाण्यास सांगितले गेले. काहींनी "हा निरुपद्रवी आहे" अशी स्वतःची समजूत घातली, काहींनी दुसरेच काहीतरी बोलून मन दुसरीकडे वळवले, काहींनी काहीच बोलायचे नव्हते, तर एका गटाने आपल्याला या क्षणी नेमके काय वाटते आहे ते मोठ्याने सांगायचे होते: हा किळसवाणा कोळी माझ्या अंगावर उडी मारेल अशी मला धास्ती वाटते आहे. आठवड्याने पुन्हा कोळ्यासमोर आणल्यावर तळहाताला सुटणाऱ्या घामावरून मोजलेली भीती या शेवटच्या गटात सर्वांत कमी भरली. भीतीचे शब्द ज्यांनी अधिक वापरले होते, त्यांच्यातील घट आणखी मोठी होती. भावना शब्दांत धरली की ती बळावते, ही आपली समजूत इथे खोटी ठरते.

हे सर्व प्रयोग गद्याचे किंवा बोलण्याचे आहेत. कवितेवरील स्वतंत्र अभ्यास संख्येने कमी आणि आकाराने लहान आहेत, म्हणून पुढील मांडणी मी उपलब्ध पुराव्यांवरून काढलेला निष्कर्ष म्हणून करतो आहे. कविता लिहिण्याचा भावनिक लाभ पहिल्या उमाळ्यापेक्षा दुसऱ्या खर्ड्यात, म्हणजे खाडाखोडीत, अधिक दडलेला असतो, असे माझे मत आहे.

समजा, आईला गमावलेली एक व्यक्ती लिहायला बसते आणि पहिली ओळ येते: "तू गेल्यापासून मला फार एकटे वाटते." ओळ खरी आहे, पण ती कोणाचीही असू शकते. पुन्हा वाचताना "एकटे" हा शब्द खटकतो, कारण घर माणसांनी भरलेले आहे. त्याच्या जागी "रिकामे" येते आणि तेही खोडले जाते. मग लिहिणारी व्यक्ती स्वतःला विचारते की हे दिवसातून नेमके कधी बोचते. उत्तर सापडते: दारावरची बेल वाजते तेव्हा. आणि कागदावर उरते ते असे:

बेल वाजते,
आणि दार उघडेपर्यंत
तूच असतेस.

या बदलात काय काय घडले ते पाहण्यासारखे आहे. एकटेपणा या ढोबळ नावाखाली दडलेली भावना प्रत्यक्षात न संपलेली प्रतीक्षा होती, हे खोडण्याच्या प्रक्रियेतूनच उमगले. कोळ्यासमोर उभ्या असलेल्या माणसाने भीतीला अचूक शब्द दिला होता, तेच काम इथे अधिक बारकाईने झाले. दिवसभर पसरलेल्या दुःखाला बेल ते दार एवढी सीमा मिळाली. तीन ओळींच्या मांडणीमुळे मधल्या ओळीवर वाचणारा क्षणभर थांबतो आणि ती प्रतीक्षा स्वतः अनुभवतो. आणि पहिल्या ओळीतील "मला" नाहीसे झाले.

हे शेवटचे निरीक्षण किरकोळ वाटेल, पण सर्वनामांवर बरेच संशोधन झाले आहे. शर्लक कॅम्पबेल आणि पेनेबेकर यांनी २००३ मध्ये आधीच्या प्रयोगांतील लेखन संगणकाच्या साह्याने तपासले. रोज जवळपास त्याच पद्धतीने सर्वनामे वापरणाऱ्यांपेक्षा, एके दिवशी "मी" आणि दुसऱ्या दिवशी "तो", "ती", "आम्ही" असा दृष्टिकोन बदलत गेलेल्यांच्या प्रकृतीत अधिक सुधारणा आढळली. त्याआधी, २००१ मध्ये, शॅनन स्टर्मन आणि पेनेबेकर यांनी आत्महत्या केलेल्या नऊ कवींच्या आणि न केलेल्या नऊ कवींच्या सुमारे ३०० कविता ताडून पाहिल्या होत्या. पहिल्या गटाच्या कवितांत "मी" आणि "माझे" या अर्थाचे शब्द अधिक होते. यावरून कोणाच्या वहीतील "मी" मोजून निदान करू नये. हा कल समूहाच्या पातळीवरचा आहे आणि एकट्या कवितेवरून एका माणसाविषयी काहीही ठरवता येत नाही.

कवितेचे हे दोन टप्पे मेंदूतही वेगळे दिसतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये अनुभवी कवी आणि नवशिके यांना चित्रण यंत्रात असतानाच कविता रचायला आणि मग सुधारायला लावले. स्वतःशी निगडित विचार व प्रेरणा यांच्याशी संबंधित असा पुढच्या मेंदूचा मध्यभाग दोन्ही टप्प्यांत सक्रिय होता. नियंत्रण आणि पारख करणारी यंत्रणा मात्र रचनेच्या वेळी मागे हटली आणि सुधारणेच्या वेळी पुन्हा कामाला लागली. अनुभवी कवींमध्ये हे मागे हटणे अधिक ठळक होते. सुरुवातीला पारखी मनाला बाजूला ठेवता येणे आणि नंतर त्याला परत बोलावता येणे, या दोन्ही गोष्टी सरावाने साधतात असे यावरून म्हणता येईल. भावनेपासून तिच्याकडे पाहण्याइतके अंतर मिळते ते या परत बोलावण्यात. वृत्त आणि यमक यांची बंधने इथे मदत करतात, कारण मात्रेत बसणारा शब्द शोधताना तेच तेच विचार घोळवायला मनात फारशी जागा उरत नाही.

लय शरीरापर्यंतही पोहोचते. हेक्झामीटर या प्राचीन ग्रीक छंदातील ओळी मोठ्याने म्हणताना श्वास आणि हृदयाचे ठोके यांचा मेळ, नेहमीच्या श्वसनापेक्षा, ठळकपणे जुळतो असे २००४ मधील एका अभ्यासात दिसले. तो पठणाचा अभ्यास होता. तरीही छंदात लिहिणारी व्यक्ती ओळ पुटपुटून पाहतच लिहीत असते, हे त्यासोबत लक्षात घ्यावे.

इथे एक अवघड आक्षेप समोर येतो आणि तो टाळता येणार नाही. कविता जर बरे करते, तर कवी इतके का खचतात? जेम्स कॉफमन यांनी २००१ मध्ये १,६२९ लेखकांच्या चरित्रांचा अभ्यास केला, तेव्हा कवयित्रींमध्ये मानसिक आजाराचे प्रमाण इतर प्रकारच्या लेखिकांपेक्षा अधिक आढळले. त्यांनी आणि जॅनेल सेक्स्टन यांनी पुढे सुचवलेले स्पष्टीकरण असे की कवितेत पुष्कळदा कथन नसते, आणि लेखनाचा लाभ तर कथनातून येतो. मला हे अंशतः पटते. एकाच वेदनेभोवती तीच प्रतिमा फिरवत राहणारी कविता ही आधी पाहिलेल्या कथन-यादीच्या प्रयोगातील तुटक यादीसारखीच असते. परंतु चरित्रांच्या अशा अभ्यासातून कारण कोणते आणि परिणाम कोणता हे ठरत नाही. आधीच दुखावलेली माणसे कवितेकडे अधिक वळत असतील, हीदेखील तितकीच शक्य बाब आहे. शिवाय नावारूपाला आलेल्या कवीच्या वाट्याला समीक्षा, स्पर्धा आणि आर्थिक अस्थैर्य येते. स्वतःपुरते लिहिणाऱ्याला ते सोसावे लागत नाही.

उपचार म्हणून कवितेचा वापर विसाव्या शतकात अमेरिकेत रुजला. कवी एली ग्रायफर यांनी १९२८ पासून त्यासाठी प्रयत्न केले आणि १९५० च्या दशकाच्या अखेरीस मनोविकारतज्ज्ञ जॅक लीडी यांच्या सोबतीने रुग्णालयात काव्योपचाराचे गट चालवले. अलीकडे, २०२१ मध्ये, अमेरिकेतील एका रुग्णालयात दाखल असलेल्या ४४ मुलांनी कविता वाचण्याच्या आणि लिहिण्याच्या उपक्रमात भाग घेतला, तेव्हा त्यांची भीती, दुःख, राग, काळजी आणि थकवा कमी झाल्याचे नोंदवले गेले. अभ्यास लहान आहे, पण इंजेक्शनच्या धास्तीत पडून राहिलेल्या मुलासाठी ती दुपार लहान नसते.

लेखन सर्वांना आणि सर्व वेळी मानवत नाही, हेही अभ्यासांतून स्पष्ट आहे. २००२ मधील एका संशोधनात जोडीदार गमावलेल्यांना भावनिक लेखनाचा विशेष उपयोग झाला नाही. २०१३ मधील एका अभ्यासात, जोडीदारापासून नुकत्याच विभक्त झालेल्या आणि त्याच विचारांत अडकून पडणाऱ्या व्यक्तींना तर लेखनामुळे सावरायला अधिक वेळ लागला. म्हणून जखम अगदी ताजी असेल तर घाई करू नये. लिहायचे तर वेळ ठरवून, पंधरा-वीस मिनिटे लिहावे, कागद बाजूला ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी त्याच ओळींकडे परतून प्रत्येक ढोबळ शब्दाला "नेमके काय, नेमके कधी" असे विचारावे. तीच कविता "मी" ऐवजी "ती" किंवा "तू" वापरून पुन्हा लिहून पाहावी. काही आठवड्यांनंतरही ओळी त्याच जागी फिरत असतील, झोप आणि भूक बिघडत असेल, किंवा जगणे नकोसे झाल्याचे शब्द वहीत येऊ लागले असतील, तर ती वही घेऊन मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे. समोर बसून जे सांगायला जीभ रेटत नाही, ते त्या पानांवर आधीच लिहिलेले असते आणि उपचाराची सुरुवात तिथून करता येते.