कूलर एकच, मॉडेलं तीन

नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते तापलेले नऊ दिवस, लागला की नागपुरात घरोघरी एक वाद ठरलेला: कूलर चालू असताना खिडकी उघडी ठेवायची की बंद? बंद करा म्हणणारा काही अडाणी नसतो. हे यंत्र थंडावा तयार करतं, मग तो बाहेर का घालवायचा, असं साधं चित्र त्याच्या डोक्यात असतं. एसीसाठी ते बरोबरही आहे. कूलरला ते लागू पडत नाही, एवढंच.

डोक्यातलं असं चित्र उघड करून कागदावर मांडलं, म्हणजे त्यात कोणते घटक आहेत, कशाचा कशावर परिणाम होतो आणि व्यवस्थेची हद्द कुठे संपते हे दाखवलं, की झालं संकल्पनात्मक मॉडेल. गणित नंतर येतं. आधी नुसते चौकोन आणि बाण. यातलं सगळ्यात अवघड काम माझ्या मते हद्द आखण्याचं.

समजा, हद्द कूलरच्या पेटीपुरतीच आखली. पंप टाकीतलं पाणी वाळ्यावर सोडतो, पंखा बाहेरची कोरडी हवा त्यातून ओढतो आणि पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता खर्ची पडते. एक लिटर पाण्यामागे साधारण 2,400 किलोज्यूल. हवा गार झाली, चित्र पूर्ण वाटतं. पण तीच हवा दमटही झालेली असते आणि तो दमटपणा पुढे कुठे जातो, याचं उत्तर पेटीत सापडत नाही. खोली, खिडकी आणि बाहेरची हवा हद्दीत घेतली की वाद मिटतो. आत येणाऱ्या हवेइतकी हवा बाहेर पडायला वाट हवी. नाहीतर दमटपणा कोंडतो, अंगावरचा घाम वाळत नाही आणि खिडकीत बसवलेल्या कूलरचा झोतही मंदावतो.

याच मोठ्या चित्रातून कूलर पावसाळ्यात का नकोसा होतो तेही कळतं. मे महिन्यातल्या दुपारी तापमान 45 अंश आणि आर्द्रता 15 टक्के असेल, तर नुसत्या बाष्पीभवनाने हवा जास्तीत जास्त 23 अंशांपर्यंत उतरू शकते. घरचा कूलर तिथवर पोचत नाही, पण पॅड चांगले असतील तर 28 च्या आसपास येतो. म्हणजे सतरा अंशांचा फरक! जुलैत 32 अंश आणि 80 टक्के आर्द्रता धरा. आता मर्यादाच 29 अंशांवर आहे. फार तर तीन अंश गारवा, वर चिपचिप फुकट. म्हणून जाणती माणसं पंप बंद करून नुसता पंखा चालवतात.

वीजबिल काढणाऱ्याला यातलं काहीच नको असतं. त्याच्या मॉडेलमध्ये पंख्याची मोटर, पंप आणि चालू राहिलेले तास, पाणीसुद्धा नाही. कूलर लोखंडी की प्लॅस्टिकचा, लग्नात आलेला की हप्त्यावर घेतलेला, हे तर कुणाच्याच चित्रात नाही. ते गाळलं म्हणून मॉडेल कच्चं ठरत नाही. ज्या प्रश्नासाठी ते काढलं, त्याचं उत्तर मिळालं की पुरे.

आता तोच कूलर डेंग्यूच्या बाजूने पाहा. हवा, पंखा, उष्णता सगळं बाद. उरते फक्त टाकी आणि तिच्यात साचलेलं पाणी. पावसाळ्यात आपण पंप थांबवला की हे पाणी निवांत पडून राहतं आणि एडिस डासाला नेमकं तेच हवं असतं. अंडं, अळी, कोष, डास अशी साखळी उबदार हवेत साधारण आठवडा ते दहा दिवसांत पूर्ण होते. मॉडेलमध्ये हा काळ लिहिला की ‘आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करा’ हा आरोग्य खात्याचा आग्रह कुठून येतो ते दिसतं: डास होण्याआधीच साखळी तोडायची.

पण या चित्रातही एक बाण राहून गेलेला आहे. एडिसची मादी अंडी घालते ती पाण्याच्या रेषेच्या जरा वर, टाकीच्या ओलसर कडेला. पाणी ओतून दिलं तरी ती तिथेच चिकटून राहतात आणि कोरड्यात काही महिने तग धरतात. पुन्हा पाणी भरलं की त्यातून अळ्या निघतात. म्हणून कूलर गच्चीवर किंवा माळ्यावर टाकण्याआधी टाकी नुसती उपडी करून भागत नाही, तिच्या कडा ब्रशने घासून काढाव्या लागतात.