मुंबई–गोवा हवाई अंतर: दाबोळीचे की मोपाचे?

मुंबई–गोवा हवाई अंतर ४२५ किलोमीटर, हा आकडा अजून सगळीकडे फिरतो. तो गोव्यातल्या जुन्या दाबोळी विमानतळाचा. नव्या मोपा विमानतळापर्यंत सरळ रेषेत मोजले तर ३८५ च्या आसपास भरते. विमानाच्या लेखी हा फरक चार-पाच मिनिटांचा, आणि तोही मुंबईत धावपट्टीच्या रांगेत उभे राहण्यात जिरून जातो. म्हणून तिकिटावर दोन्हीकडे साधारण सव्वा तासच दिसतो. त्यातला हवेतला वेळ पाऊण तास, फार तर पन्नास मिनिटे.

दाबोळीची धावपट्टी पोर्तुगीज अमदानीतली, १९५० च्या दशकातली. मुक्तीनंतर ती नौदलाकडे गेली आणि प्रवासी वाहतूक तिथे पोटभाडेकरूसारखी राहिली. सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेआठ ते दुपारी एक ही वेळ लष्करी सरावाची. साहजिकच विमानांची गर्दी दुपारनंतर आणि रात्री.

खरा घोळ झाला तो २००० साली. केंद्राने उत्तर गोव्यात, पेडणे तालुक्यातल्या मोपाला मान्यता दिली, पण मोपा सुरू झाला की दाबोळीवरची नागरी वाहतूक बंद, ही अट घालून. दक्षिण गोवा पेटून उठला. मडगावहून दाबोळी २५ किलोमीटर, मोपा ६५ च्या पुढे. दक्षिण टोकाच्या काणकोणकरांना तर शंभरीच गाठावी लागणार. मुंबईहून पाऊण तासात यायचे आणि घर गाठायला अडीच तास घालवायचे, हा कुठला हिशेब? उत्तरेत या विरोधाला ‘विकासाला आडकाठी’ म्हणून हिणवले गेले, पण दक्षिणेतल्या सासष्टी तालुक्यातल्या टॅक्सीवाल्यांची आणि हॉटेलवाल्यांची भीती पोकळ नव्हती. २०१० मध्ये केंद्राने अट मागे घेतली आणि दोन्ही विमानतळ चालतील असे ठरले. तरी ‘दाबोळी आज ना उद्या बंद पडणार’ ही कुजबुज थांबली नाही. २०२४ मध्ये दोहाचे विमान दाबोळी सोडून मोपाला गेले तेव्हा ती पुन्हा वाढली.

मधल्या काळात २०१९ मध्ये मोपाचा पर्यावरण परवाना न्यायालयात अडकला, २०२० मध्ये सुटला. ५ जानेवारी २०२३ पासून मोपावरून प्रवासी विमाने उडू लागली. त्याच सुमारास झुआरी नदीवरचा नवा पूल खुला झाला आणि पणजीहून दाबोळीला जाताना कुठ्ठाळीला तासन्‌तास अडकणे कमी झाले. २०२४ मध्ये धारगळहून मोपाला जाणारा उन्नत रस्ता आला. बांदा-सावंतवाडीकडच्या लोकांना तर मोपा म्हणजे घरचाच विमानतळ.

बुकिंग करताना शहर म्हणून नुसते ‘गोवा’ टाकले की दोन्हीकडची विमाने बहुधा एकाच यादीत येतात. तेव्हा विमानतळाचा कोड पाहावा: जीओआय म्हणजे दाबोळी, जीओएक्स म्हणजे मोपा. मडगावच्या माणसाने घाईत स्वस्तातले जीओएक्स निवडले, तर वाचलेले पैसे टॅक्सीतच जायची शक्यता जास्त.