द गुड लाइफ

द गुड लाइफ : बीबीसीची ब्रिटिश विनोदी दूरचित्रवाणी मालिका. लेखक जॉन एसमंड आणि बॉब लार्बी. ४ एप्रिल १९७५ ला ती सुरू झाली आणि १९७८ पर्यंत तिचे ३० भाग झाले. अमेरिकेत ती ‘गुड नेबर्स’ म्हणून दाखवली गेली. शेजाराचा उल्लेख असलेले हे नाव तिला जास्त शोभते.

लंडनच्या नैर्ऋत्येकडील सर्बिटन या उपनगरात टॉम आणि बार्बरा गुड राहतात. शेजारी जेरी आणि मार्गो लेडबेटर. टॉम आणि जेरी एकाच कंपनीत कामाला. जेरी वरच्या पदावर पोहोचला आहे, टॉम मात्र नाश्त्याच्या पाकिटात घालायच्या प्लास्टिकच्या प्राण्यांचे नमुने रेखाटतो. चाळिसाव्या वाढदिवशी तो नोकरी सोडतो. घराचे कर्ज फिटलेले असल्यामुळे घर न विकता, तिथल्याच बागेत पिकवून पोट भरायचे असे नवरा-बायको ठरवतात. हिरवळ खणून भाज्या लावल्या जातात. जेराल्डिन नावाची शेळी, लेनिन नावाचा कोंबडा आणि डुकरे येतात. जनावरांच्या मलमूत्रापासून गॅस करून, म्हणजे आपल्या गोबरगॅसच्याच तत्त्वावर, वीजही तयार होते. तेलसंकटानंतरच्या त्या काळात, १९७५ मध्ये, ब्रिटनमधील महागाईचा दर २४ टक्क्यांवर गेला होता. त्यामुळे टॉमचा हट्ट प्रेक्षकांना वेडेपणा वाटला नसावा.

मालिकेचा प्राण मात्र कुंपणापलीकडची मार्गो आहे. पहिल्या भागात ही भूमिका करणाऱ्या पेनेलोपी कीथचा नुसता आवाज ऐकू येतो. पुढे सगळे प्रसंग तिच्याभोवती फिरू लागतात. टापटीप, चारचौघांतली प्रतिष्ठा आणि शुद्ध बोलणे हेच तिचे जग, आणि दाराशी डुकरे! एका भागात तिने वाऱ्यासाठी उभारलेल्या आडोशामुळे गुड यांच्या फळझाडांवरचे ऊन अडते आणि दोन्ही घरांचे वाजते. समेट होतो तो टॉमने घरी केलेल्या, वाटाण्याच्या शेंगांच्या वाइनवर. पिता पिता मार्गो कबूल करते की आपल्याला विनोदबुद्धीच नाही. जिला आतापर्यंत हसलो, तिचा एकटेपणा तेव्हा दिसतो. १९७७ च्या नाताळ भागात ती सहा इंच आखूड भरलेले झाड परत पाठवते आणि सणाच्या सामानालाही मुकते. मग तिचा नाताळ गुड यांच्याच घरात, वर्तमानपत्राच्या टोप्या करून साजरा होतो.

टॉमच्या स्वातंत्र्याची किंमत शेजारीही मोजतात, हे लेखक कधी झाकत नाहीत. म्हणूनच ही मालिका शहरी माणसाच्या शेतीस्वप्नाची नुसती आरती ठरत नाही.

टॉमची भूमिका रिचर्ड ब्रायर्स यांनी, जेरीची पॉल एडिंग्टन यांनी केली. बाहेरचे चित्रण सर्बिटनमध्ये नव्हे, तर लंडनच्या वायव्येकडील नॉर्थवूडमध्ये झाले. १९७८ चा शेवटचा भाग राणी एलिझाबेथ दुसरी यांच्या उपस्थितीत ध्वनिचित्रमुद्रित झाला.

बार्बरा साकारणाऱ्या फेलिसिटी केंडल यांचे बालपण भारतात गेले. वडील जेफ्री केंडल यांची ‘शेक्सपिअराना’ ही नाटक मंडळी देशभर प्रयोग करत हिंडे आणि त्यांची मुलगी तिच्यातच वाढली. फेलिसिटी यांची थोरली बहीण जेनिफर आणि मेहुणे शशी कपूर यांनी १९७८ मध्येच मुंबईत जुहूला पृथ्वी थिएटर सुरू केले.