दह्यावरच्या पाण्यात कर्करोगाचं औषध शोधताना

दह्यावर सुटलेलं पाणी गाळून प्रयोगशाळेतल्या कर्कपेशींवर भरपूर ओतलं, तर त्या मरतात. लिंबाचा रस ओतला तरी मरतात. 'प्रोबायोटिकमुळे (म्हणजे उपयोगी मानल्या जाणाऱ्या जिवंत जिवाणूंमुळे) कर्करोगाच्या पेशी नष्ट' अशी बातमी वाचताना ही गोष्ट आधी आठवावी.

प्रयोगाची पद्धत अवघड नाही. पुण्यात तर त्याची दोन्ही मुख्य सामग्री एकाच संस्थेकडे आहे: विद्यापीठाच्या आवारातल्या एनसीसीएस या पेशीविज्ञानाच्या राष्ट्रीय संस्थेत कर्कपेशींचा राष्ट्रीय संग्रह आहे आणि जिवाणूंचा राष्ट्रीय संग्रहही तिचाच भाग आहे. लॅक्टोबॅसिलस हे दह्यातले जिवाणू एमआरएस नावाच्या पोषक द्रवात ३७ अंशांवर १८ ते २४ तास वाढवतात. सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून ते तळाशी बसवतात आणि वरची निवळ ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळतात. आता जिवाणू गेले, त्यांनी बाहेर टाकलेली द्रव्यं तेवढी राहिली. ही निवळ वेगवेगळ्या प्रमाणात मोठ्या आतड्याच्या कर्कपेशींवर (बहुधा एचटी-२९ किंवा कॅको-२) टाकायची आणि २४ किंवा ४८ तासांनी एमटीटी चाचणी करायची. जिवंत पेशी या चाचणीतलं पिवळं रसायन जांभळं करतात. जांभळा रंग फिका, म्हणजे जिवंत पेशी कमी.

गफलत इथेच होते. त्या निवळीचा पीएच (आम्लतेचं माप; आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) ४ च्या आसपास उतरलेला असतो आणि पेशींना तर ७.४ च्या जवळपासचा लागतो. पेशी मेल्या त्या आम्लाने, आणि श्रेय मिळतं 'कर्करोगविरोधी द्रव्या'ला! म्हणून निवळीचा एक भाग पीएच ७ पर्यंत आणून तपासावा लागतो. सोबत कोऱ्या एमआरएसमध्ये लॅक्टिक आम्ल मिसळून, पीएच तेवढाच ठेवून तुलना करावी लागते. नुसतं एमआरएससुद्धा प्रमाण वाढलं की पेशींना सोसत नाही, त्यामुळे तेही वेगळं तपासायचं. शिवाय निरोगी पेशींवर काय होतं ते पाहायलाच हवं. हे सगळं ज्या शोधनिबंधात नाही, त्याच्या निष्कर्षावर आम्ही विसंबणार नाही.

या चाळणीतून तरलेली द्रव्यं थोडी आहेत, पण ती खरोखर आशा वाटावी अशी आहेत. जपानी संशोधकांनी २०१६ मध्ये लॅक्टोबॅसिलस केसीच्या एटीसीसी ३३४ या वाणाच्या निवळीतून फेरिक्रोम वेगळं काढलं. लोह धरून ठेवणारा हा छोटा रेणू आतड्याच्या कर्कपेशींना आत्मनाशाकडे ढकलतो, निरोगी आतड्याच्या पेशींवर मात्र त्याचा परिणाम बराच कमी दिसला.

सर्वांत जास्त अभ्यास झाला आहे तो ब्युटिरेट या छोट्या मेदाम्लाचा. मोठ्या आतड्याच्या अस्तरपेशी आपली ६० ते ७० टक्के ऊर्जा त्यातूनच मिळवतात. कर्कपेशी मात्र मुख्यतः ग्लुकोजवर जगतात, त्यामुळे त्यांच्यात ब्युटिरेट जळत नाही, साठत जातं. साठलेलं ब्युटिरेट केंद्रकात शिरून एचडॅक नावाच्या, जनुकं बंद ठेवणाऱ्या एन्झाइमांना अडवतं. मग बंद पडलेली काही जनुकं पुन्हा चालू होतात आणि पी२१ सारखी, विभाजनाला लगाम घालणारी प्रथिनं तयार होतात. एकच द्रव्य एका पेशीचं अन्न आणि दुसरीचा अडसर!

पण दह्यातले लॅक्टोबॅसिलस ब्युटिरेट बनवत नाहीत. ते बनवतात आतड्यात मुक्कामाला असलेले फीकॅलिबॅक्टेरियम, रोझब्युरिया यांसारखे जिवाणू, आणि त्यांना त्यासाठी तंतुमय अन्न लागतं. शिवाय आतड्याच्या पोकळीतल्या ब्युटिरेटच्या मानाने रक्तात पोचणारं प्रमाण हजार पटींहून कमी असतं. म्हणून आतड्याच्या कर्करोगाबद्दलचा युक्तिवाद स्तनाच्या कर्करोगाला जसाच्या तसा लावता येत नाही.

जिवंत जिवाणूंचा रुग्णांवरचा अनुभव संमिश्र आहे. मूत्रपिंडाच्या पसरलेल्या कर्करोगावर इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाविरुद्ध कामाला लावणारे उपचार) घेणाऱ्या ३० जणांच्या एका चाचणीत (२०२२) काहींना सीबीएम५८८ हा क्लॉस्ट्रिडियम ब्युटिरिकम या ब्युटिरेट बनवणाऱ्या जिवाणूचा वाण दिला. त्यांचा आजार न वाढता गेलेला मध्यक काळ १२.७ महिने होता, इतरांचा २.५. फरक मोठा आहे, पण रुग्ण फार थोडे, आणि चाचणीचं मूळ उद्दिष्ट, म्हणजे आतड्यातले बायफिडोबॅक्टेरियम वाढवणं, साध्य झालं नाही. उलट २०२१ मध्ये मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या १२८ रुग्णांच्या पाहणीत रोजच्या आहारात दर ५ ग्रॅम जास्त तंतूंमागे आजार वाढण्याचा किंवा मृत्यूचा धोका ३० टक्क्यांनी कमी दिसला. सर्वांत चांगली स्थिती पुरेसे तंतू खाणाऱ्या, पण प्रोबायोटिक न घेणाऱ्या रुग्णांची होती. बाजारातली प्रोबायोटिकं दिलेल्या उंदरांमध्ये तर इम्युनोथेरपीचा परिणामच घटला.

म्हणून मेडिकलच्या दुकानातून आणलेली कॅप्सूल निरुपद्रवी समजून चालू करू नये. केमोथेरपीत न्यूट्रोफिल (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) रक्ताच्या दर मायक्रोलिटरमागे ५०० च्या खाली गेले असतील तर जिवंत जिवाणू रक्तात शिरून संसर्ग होऊ शकतो. सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत बसवलेली नळी) असलेल्या रुग्णाच्या खाटेजवळ सॅकरोमायसिस बोलार्डी या प्रोबायोटिक यीस्टचं पाकीट फोडू नये: पूड हवेत उडते, हाताला लागते आणि नळीवाटे रक्तात जाते. ओटीपोटावरच्या रेडिएशनमुळे होणाऱ्या जुलाबांवर लॅक्टोबॅसिलसचा उपयोग होऊ शकतो, पण वाण आणि मात्रा डॉक्टरांनी ठरवायची.

वर आलेले ५ ग्रॅम तंतू सुमारे ५० ग्रॅम पिठाच्या एका ज्वारीच्या भाकरीत मिळतात. मात्र गाठीमुळे आतडं अरुंद झालं असेल किंवा नुकतीच आतड्याची शस्त्रक्रिया झाली असेल, तर भाकरी, साली आणि मोड आलेली कडधान्यं आहारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय वाढवू नयेत, कारण तिथे तंतूंनीच आतडं तुंबू शकतं.